बाकावरची सवत

काकूंच्या स्वभावात हेवा होता, हे त्या स्वतःही नाकारत नसत. शेजारणीच्या खिडकीचे पडदे, जावेचे अजून काळेभोर राहिलेले केस, समोरच्या म्हातारीला रोज न चुकता येणारा लेकाचा फोन, कशावरूनही त्यांच्या पोटात दुखे आणि संध्याकाळपर्यंत आपोआप थांबे. पण त्या वर्षी जे दुखणं लागलं ते काही केल्या थांबेना. ते एका बाकावरून लागलं होतं.

बाक म्हणजे ऑर्गनपुढचा बाक. काका गावोगावच्या चर्चमधले जुने ऑर्गन दुरुस्त करत आणि त्यांचे सूर लावत, म्हणून सारं गाव त्यांना ऑर्गनवाले काका म्हणे आणि त्यांच्या बायकोला ओघानंच ऑर्गनवाल्या काकू. सूर लावणं हे एकट्यादुकट्याचं काम नाही. लावणारा मागच्या भल्यामोठ्या कपाटात, नळ्यांच्या गर्दीत शिरतो आणि बाहेर बाकावर बसून दुसऱ्या कुणीतरी एकेक पट्टी दाबून धरायची असते. पट्टी दाबली की भात्यातला वारा त्या पट्टीच्या नळीत जातो, नळी बोलते, आणि आतला माणूस तिच्या डोक्यावरचं पत्र्याचं कडं हलकेच ठोकत वरखाली करतो. आत शिरायचं ते एकानंच, कारण माणसाच्या अंगाच्या उबेनं नळ्या तापतात आणि सूर चढतो. बाहेरच्याला वाजवता यायची गरज नसते, त्याला गप्प बसता यावं लागतं. काकूंना आयुष्यात तेवढीच एक गोष्ट जमत नसे, तरी त्या बाकावर त्या तोंडाला कुलूप लावून बसत. बायकोला गप्प करायला काकांनी केवढा मोठा उपाय शोधून काढला, असं गावात लोक हसून म्हणत.

आतून लाकडावर ‘टक्’ वाजलं की पुढची पट्टी. संसारातली त्यांची सगळ्यात सरळ चाललेली बोलणी हीच. घरी मीठ कमी पडलं की दोघांत तास तास वाद होई, इथे एका ‘टक्’मध्ये काम भागे. काकूंचे हात पट्टीवर असत, पण कान मोकळे असत. लावायची नळी आणि तिच्या जोडीला बोलणारी, आधी लावलेली नळी, या दोघींचं एकमेकींशी जमत नसलं की आवाज उकळत्या पातेल्यावरच्या झाकणासारखा थरथरतो. जमत आलं की थरथर मंदावते, आणि जमलं की आवाज गुळगुळीत होऊन बसतो. तो बसला की काकूंचा घसा खाकरला जाई. सुरुवातीला तो खराच खोकला असेल. पण पुढे पुढे काका वरच्या बारीक, पेन्सिलीएवढ्या नळ्यांपाशी आले की सूर बसून गेला तरी ठोकत राहायचे, आणि बसलेला सूर पुन्हा उठायचा. काकू खाकरल्या की मात्र हात तिथेच थांबायचा. यावर दोघांनी एकमेकांपाशी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. नवऱ्याच्या कानाला म्हातारपण आलंय हे काकूंनी स्वतःशीसुद्धा कधी उघड म्हटलं नव्हतं.

राजधानीतल्या कॅथीड्रलचा ऑर्गन हे काकांचं जुनं स्वप्न. देशातलं सगळ्यात जुनं चर्च आणि त्यातला सगळ्यात मोठा ऑर्गन. ते काम एकदा मिळू दे, तुला तिथल्या बाकावर बसवतो, असं ते लग्न नवं होतं तेव्हापासून म्हणत आले होते. काम मिळायला केस पांढरे व्हावे लागले. मिळालं तेव्हा काकूंनी नवे बूट घेतले, आणि काका बॅग भरता भरता म्हणाले, की तू कशाला एवढ्या लांब दगदग करतेस, पट्टी दाबायला तिथलं माणूस आहे.

 नवे बूट काकूंनी कपाटात वरच्या फळीवर टाकले. काका महिन्यातून एक-दोनदा जाऊ लागले, दोन-तीन दिवस राहून येऊ लागले आणि आल्यावर जरा जास्तच चांगले वागू लागले. काकूंना हे चांगलं वागणं सगळ्यात जास्त खुपलं. तिथलं माणूस म्हणजे कोण, हे त्यांनी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही.

सांगितलं नणंदेनं. ती राजधानीतच राहायची, आणि तिच्या पोटात तिळाएवढी गोष्ट राहत नसे. फोनवर तब्येतीपाण्याचं झाल्यावर ती म्हणाली, की वहिनी, मी कॅथीड्रलमध्ये डोकावले होते, तर दादाच्या ऑर्गनवर एक बाई बसलेली. दिसायला छान आहे हो, मान अशी लांब. काकूंनी फोन खाली ठेवला आणि आरशात आपली मान पाहिली. ती मुळात फारशी नव्हतीच.

त्या दिवसापासून त्यांनी त्या न पाहिलेल्या बाईला नाव ठेवलं, बाकावरची सवत. आयत्या बिळावर नागोबा, असंही एक ठेवलं होतं, पण मनात घोळवायला पहिलं बरं वाटे. भाजी चिरताना सवत, कपडे वाळत घालताना सवत. नवरा आपल्याला सोडून जाईल ही भीती त्यांना नव्हती. या वयात तो जाणार कुठे, त्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही. पण ती बाकावरची जागा, ती ‘टक्’ ऐकून पट्टी सोडायची जागा, ती गेली तर या माणसाच्या आयुष्यात आपण नुसत्या स्वयंपाकीणबाई उरलो, हे त्यांना लख्ख दिसत होतं. ती जागा त्यांना परत हवी होती, मग त्यासाठी कॅथीड्रलच्या मधोमध तमाशा करावा लागला तरी चालेल.

संधी चालून आली. त्यांच्या चर्चमधल्या बायकांनी कॅथीड्रल पाहायला सहल काढली. काका आदल्या दिवशीच तिकडे गेले होते. काकूंनी त्यांना काही कळवलं नाही. फळीवरचे बूट काढले आणि बसमध्ये खिडकीजवळची जागा धरून बसल्या.

कॅथीड्रल होतं मात्र पाहण्यासारखं. दारातून आत पाऊल टाकलं आणि बसमध्ये चिवचिवणाऱ्या बायकांचे आवाज आपोआप खाली आले. दगडी खांब इतके उंच, की वर पाहता पाहता एकीच्या डोक्यावरचा रुमाल मागे पडला. माहिती सांगणाऱ्या माणसानं सांगितलं, की आजोबानं पाया खणला आणि नातवाच्या नातवानं छत घातलं, एवढा काळ हे बांधकाम चाललं. पायाखाली जुन्या बिशपांच्या कबरी होत्या, नावं झिजून गेलेली. बायका त्या चुकवत, उड्या मारल्यासारख्या चालल्या. रंगीत काचांमधून आलेला लाल-निळा उजेड फरशीवर पडला होता आणि मेणाचा वास येत होता. सगळ्या जणी पुढे वेदीकडे पाहत होत्या. काकू एकट्याच उलट्या तोंडानं उभ्या राहून मागे, मुख्य दाराच्या वरच्या माडीकडे पाहत होत्या. तिथे तो ऑर्गन होता, दोन मजली घराएवढा, आणि त्याच्यापुढे तो बाक, रिकामा. तिथे बसलेल्या आपण कशा दिसलो असतो, याचा त्यांनी एकदा विचार केला.

दुपारी ऑर्गनच्या कामासाठी दारं बंद होणार होती. राखणदार हातातल्या किल्ल्या वाजवत सगळ्यांना बाहेर काढू लागला. बायका डबे उघडायला अंगणाकडे वळल्या. काकू कडेच्या एका खांबाआड झाल्या आणि समोर पापकबुलीची लाकडी खोली दिसली, तिचा पडदा सारून आत जाऊन बसल्या. जिथे लोक आपली पापं सांगायला येतात, तिथे बसून काकू दुसऱ्याचं पाप शोधत होत्या. गुडघे दुखत होते, पण संशयाला गुडघे नसतात.

दारं लागली. वर माडीवर पावलं वाजली, दोघांची. मग पहिली नळी बोलली, जाडी, खालच्या सुराची, बाकांच्या फळ्यांना कापरं भरवणारी. थरथर झाली, मंदावली, बसली. सुरेख बसली. मग पुढची. काकू ‘टक्’ची वाट पाहत होत्या, पण ‘टक्’ होतच नव्हतं. सूर बसला की थोडी शांतता आणि पुढचा सूर.  न सांगता, न ठोकता हिला कळतं तरी कसं? इतकं मन जुळलंय?

आता बसवेना. त्या बाहेर आल्या, बूट काढून हातात घेतले आणि माडीच्या गोल जिन्यानं वर चढू लागल्या. जिना अंधारा, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. वरचं दार अर्धवट उघडं होतं. काकूंनी धाप आवरत डोळा लावला.

पाठमोरी बाई बाकावर बसली होती. वयानं काकूंएवढीच असेल. मान खरोखरच लांब होती, नणंद तेवढ्यापुरती खरं बोलली होती. रुपेरी केस नीट वर बांधलेले. एक हात पट्टीवर आणि दुसऱ्या हाताच्या मनगटाला एक दोरी बांधलेली. ती दोरी ऑर्गनच्या कपाटाच्या फटीतून आत गेली होती. दोरीला आतून हिसका बसला, बाईनं पट्टी सोडली आणि पुढची दाबली.

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांत आपल्याला नुसतं लाकूड ठोकून हाक मारली, आणि हिच्या हाताला दोरी. एक टोक हिच्या मनगटाला, दुसरं त्यांच्या. लग्नात अंगठी घातली त्यानंतर आपला हात कधी या माणसानं एवढ्या निगुतीनं बांधला नव्हता. आत जावं, दोरी तोडावी आणि काय ते मोठ्यानं विचारावं, म्हणून त्यांनी दारावर हात ठेवला.

तेवढ्यात काम वरच्या बारीक नळ्यांवर आलं. पहिली थरथरत होती. आतून ठोकण्याचा आवाज आला, थरथर वाढली, आणि दोरीला हिसका बसला. बाईनं थरथरती नळी तशीच सोडून पुढची दाबली. काकू दारातच थबकल्या. पुढचीही तशीच गेली. त्याच्या पुढची तर बसलेली होती, ती काकांनी ठोकून उठवली. काकूंना ते ऐकवेना. राग एका बाजूला राहिला आणि कान दुसऱ्या बाजूला पळाले. मग एक नळी थरथरत थरथरत मंदावली, मंदावली, अगदी बसली, आणि आतला हात पुन्हा उचलला जाणार हे त्यांना इतक्या वर्षांच्या सवयीनं कळलं. त्या खाकरल्या.

ठोकणं थांबलं.

सूर गुळगुळीत, सरळ, वरच्या दगडी कमानींपर्यंत गेला आणि तसाच राहिला. दोरी हलली नाही. आत कुणी हललं नाही. बाकावरच्या बाईनं साधं वळूनही पाहिलं नाही, पट्टी दाबून शांत बसून राहिली. काय हा ताठा, काकूंना वाटलं.

कपाटाचं छोटं दार उघडलं आणि काका वाकून बाहेर आले. केसांत धूळ, हातात ठोकायची छोटी सळई. त्यांनी काकूंकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या बुटांकडे पाहिलं, आणि बाईच्या खांद्याला हळूच बोट लावलं. तेव्हा कुठे बाईनं पट्टी सोडली. काकू दिसताच ती उठली, हसली, हातानंच बाक दाखवून बसा म्हणाली. तिचा हा चांगुलपणा काकूंना मिरचीसारखा झोंबला.

काकूंनी आवाज खाली ठेवायचं ठरवलं होतं, तो काही राहिला नाही. “हिला बसवायची काय गरज पडली होती? मी मेले होते का?”

काका बाकाच्या कडेवर टेकले. म्हणाले, की ही राखणदाराची बहीण, इथली मेणबत्तीदानं घासते. लहानपणापासून तिला काहीच ऐकू येत नाही, म्हणून ती दोरी.

काकूंना वाटलं होतं, आता समाधान होईल. झालं उलटंच. बहिऱ्या बाईला ऑर्गनवर बसवतात आणि मला घरी ठेवतात, म्हणजे मी बहिरीपेक्षाही वाईट. हे त्यांनी बोलूनही दाखवलं.

“अगं, तुला ऐकू येतं म्हणूनच,” काका म्हणाले. “तू खोकतेस आणि मी थांबतो. मला काय माहीत नाही होय? आधी वाटायचं, बरी सोय आहे. मग आत उभं राहून मी नळी सोडून तुझा घसाच ऐकायला लागलो. लोक म्हणतात, काकांचा कान म्हणजे सोनं. ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. मला तुझा हेवा वाटतो गं. इथे मला बघायचं होतं, कुणी न खोकता माझं मला किती येतं ते.”

हेवा ही आजवर काकूंची स्वतःची मिरास होती. आपला कुणी हेवा करावा असं आपल्याकडे काही असेल, हे त्यांच्या कधी ध्यानीमनी नव्हतं. क्षणभर त्यांना इतकं बरं वाटलं, की लाज वाटली.

काकांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. “तू दारातून ऐकत होतीस. वरच्या नळ्या कशा लागल्यात? खरं सांग.”

काय बोलायचं ते काकूंच्या हातात होतं. बऱ्या लागल्यात म्हटलं असतं, तर म्हातारा सुखानं घरी आला असता. रविवारी ऑर्गनबरोबर गाणारी मुलं जरा बेसूर झाली असती आणि दोष मुलांना लागला असता. एवढं त्यांना कळत होतं. पण बाईनं मनगटाची दोरी सोडून तिची व्यवस्थित गुंडाळी केली होती, आणि गोऱ्या मनगटावर दोरीचा लाल वळ उमटला होता. काकूंची नजर त्या वळावर गेली.

“एकही धड नाही,” त्या म्हणाल्या. “मघाची एक सोडून.”

ते खरं होतं. पण खरं बोलल्याचं पुण्य त्यांच्या पदरात पडलं नाही, कारण त्या खऱ्यासाठी बोलल्याच नव्हत्या, आणि बोलता बोलताच त्यांना ते कळलं. काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

मग हातातली छोटी सळई त्यांनी काकूंपुढे धरली. “जा मग आत.”

काकू म्हणाल्या, की मला ठोकता कुठे येतं. काका म्हणाले, की ठोकणं हाताला शिकवता येतं, तिथे लागतो तो कान. मी इथे बसतो. काकू म्हणाल्या, बाकावर मी बसायला आलेय. काका म्हणाले, बाकावर कुणीही बसतं. 

काकू तिरक्या होऊन कपाटात शिरल्या. आत एक अरुंद फळी, दोन्ही बाजूंना नळ्याच नळ्या, खाली माणसापेक्षा उंच आणि वर बोटाएवढ्या. कोपर लागलं तरी काहीतरी वाकेल, अशी दाटी. आयुष्यभर त्या या जागेच्या बाहेर बसल्या होत्या आणि आत इतका अंधार असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाहेरून सूर आला, थरथरत. काकूंनी कडं ठोकलं. थरथर वाढली. घाबरून उलट्या बाजूनं ठोकलं. मंदावली. आणखी अगदी हलकेच ठोकलं, आणि सूर त्यांच्या कानाशी, हातभर अंतरावर, गुळगुळीत होऊन बसला. असा सूर त्यांनी बाकावरून कधी ऐकला नव्हता. हे एवढं सुख हा माणूस एकटा घेत होता, असं मनात येऊन त्यांना त्याही वेळी हेवा वाटला.

आणि मग फटीतून त्यांना बाक दिसला. काका पट्टी दाबून बसले होते आणि शेजारी ती बाई पुन्हा येऊन बसली होती. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं. जी जागा परत घ्यायला काकू बस पकडून आल्या होत्या, त्या जागेवर आता ते दोघं होते आणि काकू कपाटात.

काकूंनी ओठ आवळले. त्या आता बाहेर येऊन बोलणारच होत्या.

“झाली का गं?” काकांनी विचारलं.

सूर केव्हाच बसला होता. भिंतींना, खांबांना, फरशीखालच्या बिशपांना कळावं इतका स्वच्छ बसला होता. काका मान वर करून फटीकडे पाहत होते, उत्तराची वाट पाहत. त्यांच्या शेजारी ती बाईही फटीकडेच पाहत होती. दोन चेहरे, एकसारखे, किंचित उघड्या तोंडाचे, दुसऱ्या कुणीतरी सांगितलं तरच कळणार असे. बाईनं काकांच्या हातावर आपला हात ठेवला, थांबा, सांगतील, अशा अर्थानं. तिला हे वाट पाहणं सवयीचं होतं आणि काकांना ती ते शिकवत होती.

काकू जे पकडायला आल्या होत्या ते शेवटी त्यांना दिसलं. त्यात पाप काही नव्हतं. त्या दोघांना बसलेला सूर ऐकू येत नव्हता, आणि काकूंना येत होता, एवढंच होतं. त्या दोघांच्या बाकावर काकूंना जागा असणार नव्हती.

“झाली,” त्या म्हणाल्या, आणि काकांनी पुढची पट्टी दाबली.